गॅलिलिओचा अर्ज

नोकरी केलेल्या प्रत्येक माणसानें आयुष्यांत एकदां तरी एक अर्ज लिहिलेला असतो. तो लिहितांना चार कागद फाडावे लागतात. 'मेहेरबान साहेबांचे सेवेशीं' एवढें लिहून झालें कीं हात थांबतो. आपली योग्यता आपल्याच लेखणीनें सांगण्याची लाज एका बाजूला, ती न सांगितल्यास होणारें नुकसान दुसऱ्या बाजूला, असा झगडा मनांत सुरू होतो. शिक्षकी पेशांत असतांना मीं असा अर्ज दोन वेळां केला. पहिल्या वेळीं पगार वाढला, पण हुद्दा मिळाला नाहीं. दुसऱ्या वेळीं हुद्दा मिळाला, पण पगार होता तेवढाच राहिला. शिक्षकांच्या खोलींत एकानें विचारलें, "मास्तर, दोहोंपैकीं गोड काय लागलें?" पगार घरीं कळतो आणि हुद्दा दारीं कळतो, एवढें बोलून मीं वेळ मारून नेली. खरें उत्तर मला त्या वेळीं सुचलें नाहीं.

पुढें इतिहासाचीं पुस्तकें चाळतांना असाच एक अर्ज माझ्या वाचनांत आला. त्याची गोष्ट आज आपणांस सांगावयाची आहे. अर्जदार गॅलिलिओ गॅलिली, वय ४६, हुद्दा गणिताचा अध्यापक, मुक्काम इटलींतील पादुआ शहर. अर्जाची तारीख ७ मे १६१०. त्यानें वेतन मागितलें आणि पद मागितलें. वेतनाविषयीं त्याची मागणी माफक होती. एका शब्दाविषयीं मात्र तो आग्रही होता. तो शब्द त्याला इतका महत्त्वाचा कां वाटावा, हें समजण्यास आपणांस थोडें मागें गेलें पाहिजे.

गॅलिलिओचा जन्म १५ फेब्रुवारी १५६४ रोजीं पीसा येथें झाला. वडील ल्यूट नांवाचें तंतुवाद्य वाजवीत व संगीतशास्त्रावर ग्रंथ लिहीत. विद्या पुष्कळ, पैसा बेताचा. मुलानें वैद्य व्हावें म्हणून त्यांनीं त्याला पीसाच्या विद्यापीठांत घातलें. मुलगा गणिताच्या नादीं लागला आणि १५८५ मध्यें पदवी न घेतांच बाहेर पडला. चार वर्षांनीं त्याच विद्यापीठांत त्याला गणित शिकविण्याची जागा मिळाली; वेतन वर्षाला ६० स्कुडी. १५९१ मध्यें वडील वारले आणि थोरला मुलगा म्हणून घराचा भार त्याच्यावर आला. पुढचें चित्र आपल्याकडील कुटुंबांना अनोळखी वाटणार नाहीं. बहिणींचे हुंडे द्यावयाचे होते. एकीचा हुंडा १८०० दुकात ठरला. धाकटा भाऊ वादक; त्यानें आपला वांटा कबूल केला, पण दिला नाहीं. हुंड्याची बाकी तुंबली तेव्हां मेहुण्यांनीं न्यायालयाची पायरी चढण्यासहि कमी केलें नाहीं.

१५९२ मध्यें तो पादुआच्या विद्यापीठांत आला. हें शहर त्या काळीं व्हेनिसच्या प्रजासत्ताकाच्या सत्तेखालीं होतें. येथें वेतन वर्षाला १८० फ्लॉरिन. नेमणूक मुदतीची असे आणि मुदत संपली कीं वेतनाचीं बोलणीं नव्यानें करावीं लागत. १५९९ मध्यें वेतन ३२० झालें, १६०६ मध्यें ५२० झालें. तेवढ्यावर भागत नसे. म्हणून त्यानें परगांवचे श्रीमंत विद्यार्थी जेवणाखाण्यासह घरीं ठेवले, त्यांच्या खासगी शिकवण्या घेतल्या, आणि एक कारागीर पदरीं बाळगून हिशेबाला व तोफांच्या मापनाला उपयोगी पडणारे पितळी कंपास तयार करवून विकले. कंपास वापरावा कसा हें शिकविण्याची फी निराळी. ज्यानें शिकवण्या केल्या आहेत त्याला ठाऊक आहे कीं, त्यांत पैसा मिळतो, पण दिवस हातांतून निघून जातो. आणि रात्रीं स्वतःचें पुस्तक उघडावें तों डोळे मिटूं लागतात.

परंतु गॅलिलिओला खुपत होतें तें केवळ वेतन नव्हे. त्या काळच्या विद्यापीठांत गणितज्ञाची पायरी खालची होती. सृष्टीचें खरें स्वरूप काय, पदार्थ खालीं कां पडतो, आकाश कशाचें बनलें आहे, हें सांगण्याचा अधिकार तत्त्वज्ञाचा. आणि तो तें ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांच्या आधारें सांगे. गणितज्ञानें आंकडे मांडावे, ग्रह अमुक तिथीला अमुक ठिकाणीं दिसेल असें गणित करावें, आणि तेथेंच थांबावें. आपल्याकडील उदाहरणानें बोलावयाचें तर, ग्रहण केव्हां लागेल हें पंचांग करणाऱ्या जोशाला विचारावें, पण सृष्टि सत्य कीं मिथ्या या वादांत त्यानें तोंड घालूं नये, तो मान शास्त्रीबोवांचा; अशांतलाच हा प्रकार होता. कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां त्याच्या आरंभीं ओसिआंडर नांवाच्या धर्मोपदेशकानें आपलें नांव न घालतां एक निवेदन जोडलें. त्याचा आशय असा कीं, पृथ्वी फिरते हें गणिताच्या सोयीसाठीं धरलेलें गृहीत आहे. तें खरें असण्याची आवश्यकता नाहीं. गणितज्ञाला एवढीच मोकळीक होती. 'असें धरून चाला' इतकें त्यानें म्हणावें; 'असें आहे' हें त्यानें म्हणूं नये. वेतनांतहि हा भेद दिसे. पादुआ येथेंच तत्त्वज्ञान शिकविणारा क्रेमोनिनी हा गॅलिलिओचा सहकारी व मित्र. त्याचें वेतन गॅलिलिओच्या वेतनापेक्षां कितीतरी मोठें होतें.

अशा स्थितींत १६०९ साल उजाडलें. दूरची वस्तु जवळ दाखविणारी नळी हॉलंडमध्यें निघाल्याची बातमी इटलींत पोंचली. गॅलिलिओनें स्वतः भिंगें घासून आठनऊ पट मोठें दाखविणारी दुर्बीण तयार केली. ऑगस्ट महिन्यांत त्यानें व्हेनिसच्या सरदारांना सेंट मार्कच्या उंच मनोऱ्यावर नेऊन ती दाखविली. समुद्रावरून येणारीं जहाजें नुसत्या डोळ्यांना दिसण्यापूर्वीं कितीतरी वेळ आधीं तींतून दिसूं लागलीं. व्यापारावर आणि आरमारावर जगणाऱ्या शहराला याहून अधिक काय सांगावयास हवें होतें? गॅलिलिओनें ती दुर्बीण व्हेनिसचा प्रमुख, म्हणजे डोज, याला नजर केली. दुसऱ्याच दिवशीं सिनेटनें ठराव केला कीं, गॅलिलिओची नेमणूक तहहयात करावी आणि वेतन १००० फ्लॉरिन द्यावें.

बातमी ऐकून कोणासहि वाटेल कीं याच्या सर्व मागण्या पुऱ्या झाल्या. पण नोकरींत मुरलेला माणूस ठरावाच्या खालच्या ओळी आधीं वाचतो. वाढ लागू होणार होती चालू मुदत संपल्यावर. आणि यापुढें जन्मभर दुसरी वाढ मिळणार नव्हती. शिवाय शिकविण्याचें काम होतेंच, आणि पद होतें तेंच राहिलें. आंकडा बदलला, माणूस जागच्या जागीं राहिला.

त्याच वर्षीं एका परिचित गृहस्थाला लिहिलेल्या पत्रांत गॅलिलिओनें आपली अडचण स्पष्ट सांगितली आहे. त्याचें म्हणणें असें कीं, प्रजासत्ताक कितीहि उदार असलें तरी लोकांची सेवा केल्यावांचून तें वेतन देऊं शकत नाहीं. कारण तेथें पैसा सर्वांचा असतो, आणि सर्वांच्या पैशांतून मिळणाऱ्या वेतनाबद्दल सर्वांचें काम करावें लागतें. स्वतःचे ग्रंथ पुरे करण्याची सवड द्यावयाची तर ती एखादा सत्ताधीश राजाच देऊं शकेल. हें वाक्य श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावें. त्यांत शहाणपण आहे, आणि पुढच्या सर्व दुःखाचें बीजहि त्यांतच आहे.

तसा राजा त्याच्या माहितीचा होता. तस्कनीचा ग्रँड ड्यूक दुसरा कोसिमो हा १६०९ मध्यें गादीवर आला. लहानपणीं त्यानें गॅलिलिओपाशीं गणिताचे धडे घेतले होते, आणि कंपासावरील पुस्तक गॅलिलिओनें १६०६ मध्यें त्यालाच अर्पण केलें होतें. तस्कनी ही गॅलिलिओची मायभूमि. आतां राजाला शोभेल अशी कांहीं भेट हातीं हवी होती, आणि ती आकाशानें दिली. ७ जानेवारी १६१० च्या रात्रीं सुमारें वीस पट मोठें दाखविणाऱ्या दुर्बिणींतून गुरूकडे पाहतांना त्याला शेजारीं तीन बारीक तारे एका रेषेंत दिसले. पुढील रात्रीं त्यांची मांडणी बदललेली आढळली. आठवड्याच्या आंत चौथा तारा दिसला. हे गुरूचे चंद्र होते. आकाशांतील सर्व कांहीं पृथ्वीभोंवतीं फिरतें या समजुतीला त्यांनीं डोळ्यांदेखत छेद दिला.

मार्च महिन्यांत हा शोध पुस्तकरूपानें व्हेनिस येथें छापून निघाला. चार चंद्रांना काय नांव द्यावें, हें त्यानें ग्रँड ड्यूकचा चिटणीस बेलिसारिओ व्हिंता याला आधींच विचारलें होतें. कोसिमोच्या नांवावरून 'कॉस्मिक तारे' म्हणावें, कीं कोसिमो व त्याचे तीन भाऊ मिळून चार म्हणून घराण्याच्या नांवानें 'मेडिची तारे' म्हणावें? व्हिंतानें दुसरें नांव पसंत केलें. उत्तर येईपर्यंत छपाई सुरू झाली होती; म्हणून आरंभींच्या पानावर पहिल्या नांवावर कागदाची चिठ्ठी चिकटवून दुसरें नांव घालावें लागलें. नेमणुकीच्या कागदावर स्वतःच्या नांवापुढें कोणता शब्द असावा, यासाठीं पुढें इतका आग्रह धरणाऱ्या माणसानें आधीं ताऱ्यांच्या नांवांत असा बदल केला. ईस्टरच्या सुटींत तस्कनीला जाऊन त्यानें ते चंद्र ग्रँड ड्यूकला प्रत्यक्ष दाखविले. आणि मग, परत आल्यावर, त्यानें व्हिंताला तो अर्ज लिहिला.

अर्जाची मांडणी पाहण्यासारखी आहे. मला सध्यां काय मिळतें, हें तो आरंभीं सांगतो: १००० फ्लॉरिन, तहहयात, आणि शिकवण्यांतून आणखी हवे तितके. म्हणजे मी गरजवंत म्हणून आलेलों नाहीं. मग तो सांगतो कीं, मला हवी ती सवड. शिकवण्या माझ्या कामाच्या आड येतात. माझी भाकरी मला माझ्या ग्रंथांनीं मिळवावयाची आहे, आणि ते ग्रंथ मी माझ्या धन्याला अर्पण करीन. त्यानंतर त्या ग्रंथांची यादी येते: विश्वाच्या रचनेवर, गतीवर, यंत्रशास्त्रावर. वेतनाविषयीं, व्हेनिस देईल तेवढें मिळालें तरी पुरे, एवढेंच. आणि शेवटीं पद. माझ्या नांवापुढें 'गणितज्ञ' असें लावाल, त्याला 'तत्त्वज्ञ' हा शब्द जोडावा; कारण शुद्ध गणितांत मीं जितके महिने घालविले, त्याहून अधिक वर्षें तत्त्वज्ञानांत घालविलीं आहेत, असें माझें म्हणणें आहे. तें खरें आहे कीं नाहीं, हें त्या शास्त्रांतील मोठ्या विद्वानांशीं आपल्यासमोर वाद करण्याची संधि दिल्यास मी दाखवून देईन.

अर्ज मान्य झाला. १० जुलै १६१० च्या आज्ञापत्रानें गॅलिलिओ पीसाच्या विद्यापीठाचा मुख्य गणितज्ञ आणि ग्रँड ड्यूकचा मुख्य गणितज्ञ व तत्त्वज्ञ झाला. वेतन वर्षाला १००० स्कुडी. पीसा येथें राहण्याचें अथवा शिकविण्याचें बंधन नाहीं. सप्टेंबरमध्यें त्यानें फ्लॉरेन्समध्यें पाऊल ठेवलें. ज्या व्हेनिसनें वर्ष पुरें होण्यापूर्वींच त्याला तहहयात नेमलें होतें, त्या व्हेनिसच्या मंडळींना राग आला, यांत नवल नाहीं.

कोणी म्हणेल, एका शब्दासाठीं एवढा खटाटोप म्हणजे मानाची हांव. मला तसें वाटत नाहीं. त्या शब्दानें त्याला बोलण्याचा अधिकार मिळाला. १६११ मध्यें फ्लॉरेन्सच्या तत्त्वज्ञांशीं त्याचा वाद झाला कीं, बर्फ पाण्यावर तरंगतें तें त्याच्या आकारामुळें कीं तें पाण्यापेक्षां हलकें असतें म्हणून. हा प्रश्न पदार्थाच्या स्वरूपाचा, म्हणजे तत्त्वज्ञाच्या हद्दींतला. पादुआच्या गणितमास्तराला त्यांत कोणी उभें केलें नसतें. येथें ग्रँड ड्यूकच्या मेजवानीनंतर दोन कार्डिनल पाहुण्यांसमोर त्यानें आपली बाजू मांडली. त्यांपैकीं माफेओ बार्बेरिनी हा त्याच्या बाजूनें बोलला. १६१३ मध्यें सूर्यावरील डागांसंबंधींचीं त्याचीं पत्रें छापून निघालीं. त्यांच्या मुखपृष्ठावर 'तत्त्वज्ञ' हा शब्द आधीं आणि 'गणितज्ञ' मागून छापला आहे. आतां तो 'असें धरून चाला' म्हणत नव्हता. 'असें आहे' असें म्हणत होता.

नुसत्या मोठ्या पदानें पोट भरत नाहीं, हेंहि त्याच काळांत दिसतें. प्राग येथें टायको ब्राहे हा सम्राटाचा गणितज्ञ असतांना त्याचें वेतन ३००० फ्लॉरिन होतें. १६०१ मध्यें तो वारला आणि तेंच पद केप्लरला मिळालें. वेतन मात्र ५००, आणि तेंहि वेळेवर हातीं पडत नसे. १६३० मध्यें केप्लर रेगेन्सबर्ग येथें वारला, तो थकलेल्या येण्याच्या वसुलीसाठींच प्रवासास निघाला होता. त्या मानानें गॅलिलिओला पद आणि वेतन दोन्ही मिळालीं. मग उणें काय राहिलें?

तें उणें सर्वांआधीं एका मित्राच्या ध्यानांत आलें. व्हेनिसचा सरदार साग्रेदो हा तीन वर्षें सीरियांत वकील होता. तो १६११ मध्यें घरीं परतला तों मित्र निघून गेलेला. त्यानें गॅलिलिओला एक पत्र लिहिलें. त्याचा मतलब असा कीं, येथें तुम्ही स्वतःचे धनी होतां, तसें स्वातंत्र्य आतां कोठें मिळणार? दरबार म्हणजे समुद्र. राजा सध्यां चांगला आहे, पण मत्सराचा वारा केव्हां सुटेल याचा नेम नाहीं. शिवाय जेथें जेसुइटांच्या मित्रांचें वजन मोठें, अशा ठिकाणीं तुम्ही गेलां आहां, याची मला काळजी वाटते. व्हेनिसनें १६०६ मध्यें पोपच्या बहिष्काराला न जुमानतां जेसुइटांना हद्दपार केलें होतें. तस्कनीच्या गादीला रोमशीं असें वांकडें घेणें परवडणारें नव्हतें.

१६१६ मध्यें रोमनें कोपर्निकसच्या ग्रंथावर, दुरुस्ती होईपर्यंत, बंदी घातली आणि ते मत सोडण्याची समज गॅलिलिओला दिली. १६२१ मध्यें कोसिमो वारला. त्याच्यामागून आलेला दुसरा फर्दिनांदो त्या वेळीं अवघा दहा वर्षांचा होता. गॅलिलिओच्या नेमणुकीच्या आज्ञापत्रानंतर चौथ्या दिवशीं त्याचा जन्म झालेला. १६२३ मध्यें पोप झाला तो मेजवानीनंतर गॅलिलिओची बाजू घेणारा बार्बेरिनीच. दैव अनुकूल आहेसें वाटून गॅलिलिओनें १६३२ मध्यें विश्वाच्या दोन रचनांवरील आपला संवादरूप ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्याहि मुखपृष्ठावर तें पद झळकत आहे. त्याच वर्षीं रोमहून बोलावणें आलें. अर्जदार आतां अडुसष्ट वर्षांचा, आजारी. चौकशी फ्लॉरेन्समध्येंच व्हावी अशी त्याची विनंति. तस्कनीच्या रोममधील वकिलानें, निकोलिनीनें, पुष्कळ रदबदली केली, त्याला आपल्या घरीं उतरवून घेतलें, त्याच्या खाण्यापिण्याची काळजी वाहिली. पण 'हा माझा तत्त्वज्ञ आहे, याला मी पाठवीत नाहीं' असें म्हणण्याचें बळ तरुण ग्रँड ड्यूकपाशीं नव्हतें. २२ जून १६३३ रोजीं गॅलिलिओला गुडघे टेकून आपलें मत सोडून दिल्याचें वाचून दाखवावें लागलें. उरलेलें आयुष्य स्थानबद्धतेंत गेलें.

तो व्हेनिसच्या आश्रयाला राहता तर वांचला असता काय? इतिहासाच्या शिक्षकानें 'असतें तर' या प्रश्नाला घाईनें उत्तर देऊं नये. ज्या व्हेनिसनें रोमला दटावलें, त्याच व्हेनिसनें पूर्वीं जोर्दानो ब्रूनोला रोमच्या स्वाधीन केलें होतें, आणि १६०० मध्यें रोमनें त्याला जिवंत जाळलें. शिवाय पादुआच्या शिकवण्यांत गुंतलेल्या माणसाकडून ते ग्रंथ पुरे झाले असते कीं नाहीं, हाहि प्रश्नच. एवढें मात्र खरें कीं, आपल्या त्या संवादग्रंथांतील तीन पात्रांपैकीं एकाला गॅलिलिओनें साग्रेदोचें नांव दिलें आणि तो संवाद व्हेनिसमध्यें साग्रेदोच्याच वाड्यांत घडतो असें दाखविलें. साग्रेदो १६२० मध्येंच वारला होता. जेथें मोकळेपणानें बोलतां येतें असें घर कल्पावयाचें झालें, तेव्हां लेखकाला तेंच घर आठवलें. वृद्धपणीं, दृष्टि गेल्यावर, त्यानें एका विद्वानाला कळविलें कीं, पादुआ येथील अठरा वर्षें हीं माझ्या आयुष्यांतील सर्वांत चांगलीं वर्षें होत. हुंड्यांचीं देणीं, शिकवण्यांची दगदग, गणितमास्तराची खालची पायरी, हें सर्व त्या अठरा वर्षांतलेंच. तें तो विसरला नसेल. तरीहि त्यानें तसें म्हटलें.

८ जानेवारी १६४२ रोजीं तो वारला. त्याच्यापाशीं अखेरचे तीन महिने राहिलेला तोरिचेल्ली हा ग्रँड ड्यूकचा गणितज्ञ नेमला गेला. 'तत्त्वज्ञ' हें पद मात्र त्याला दिलें गेलें नाहीं. त्या शब्दाची किंमत काय पडते, हें आतां दरबारालाहि कळलें असावें.

श्रोतेहो, शिक्षकांच्या खोलींतील त्या प्रश्नाचें उत्तर मला या गोष्टीनें दिलें. पगार पोटासाठीं मागावा. त्यांत लाज नाहीं. हुद्दाहि मागावा, कारण पुष्कळदां हुद्दा नसला कीं आपल्या खऱ्या बोलण्याला कोणी कान देत नाहीं. परंतु नेमणुकीचें पत्र हातीं आल्यावर त्यांत न लिहिलेली एक ओळ शोधून वाचावी: हा हुद्दा घेऊन मीं खरें बोललों आणि त्यामुळें संकट आलें, तर देणारा माझ्या पाठीशीं उभा राहील काय? गॅलिलिओनें अर्जांत सर्व कांहीं मागितलें. ही एक गोष्ट मागितली नाहीं. ती मागून मिळण्यासारखी नसते, हेंहि खरें. म्हणून साग्रेदोसारखा ती ओळखून आधीं सांगणारा मित्र ज्याला लाभतो, त्यानें त्याचें पत्र वेळींच वाचावें.